रोजचा शुक्रवार

सॅम्युअल मास्तर अलिबागकडून मालवणच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला आले, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. गावात ज्यूंचं घर हे एकच. त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, एवढं गावाला ठाऊक होतं. त्यापलीकडे कोणी फार विचारलं नाही.

प्रकाशाचा धडा आला की मास्तर पुस्तक मिटून ठेवायचे. म्हणायचे, आमच्या शास्त्रात देवानं पहिल्या दिवशी उजेड केला आणि सूर्य चौथ्या दिवशी. मागच्या बाकावरून हमखास प्रश्न यायचा, "मग सर, सूर्य नसताना उजेड खंयचो?" मास्तर खूश व्हायचे. त्यांना तोच प्रश्न हवा असायचा. आमचे जुने जाणते सांगतात, तो उजेड वेगळाच होता. त्यात जगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसायचं. पण दुष्टांच्या हाती पडू नये म्हणून देवानं तो लपवून ठेवला, भल्या माणसांसाठी. आणि त्या उजेडाच्याही आधी देवाजवळ शहाणपण होतं. मिस्त्री आधी नकाशा बघतो आणि मग पाया खणतो, तसं देवानं शहाणपणाकडे बघून जग बांधलं.

घरी त्यांच्या बायकोला, रिबकाबाईंना, हे सगळं पाठ होतं. त्या पनवेलच्या, बोलायला फटकळ. "तुमचा उजेड लपवलेला, माझा दिव्यातला. तेल संपलंय, घेऊन या," म्हणायच्या. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत त्या काचेच्या पेल्यात पाणी घालायच्या, वर खोबरेल सोडून त्यात वात लावायच्या. डोक्यावर पदर, दोन्ही तळहात डोळ्यांवर, तोंडानं आशीर्वादाचे शब्द. हात खाली घेतले की शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, लागला. मग शनिवारी रात्रीपर्यंत काडी ओढायची नाही, बटण दाबायचं नाही, लावलेला दिवा विझवायचाही नाही. मास्तर शेजारी उभे राहून दिव्यापेक्षा तिच्या उघडणाऱ्या डोळ्यांकडेच बघायचे. ही गोष्ट त्यांनी तिला कधी सांगितली नाही.

दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी रिबकाबाईंनी दिवा लावला. बुधवारीही लावला. शेजारच्या सुगंधाच्या घरी तर तिन्हीसांजेला रोजच दिवा. तिला कोण आनंद झाला. "वैनी, आता आमच्यासारखो रोज दिवो लावतास? बरां केल्यात," असं म्हणून तिनं डबाभर फुलवाती आणून दिल्या. मास्तरही हसले. चाळीस वर्षांचा शेजार, लागली सवय, असंच त्यांना वाटलं. मुलीला फोनवर त्यांनी हे गमतीनं सांगितलंसुद्धा. ती इस्रायलला असते. तीही हसली.

वर्ष असंच गेलं. मग एका सोमवारी मास्तर चहा करायला उठले, तर रिबकाबाईंनी त्यांचा हात धरला. "अहो, शब्बाथ लागलाय ना? गॅस कसला पेटवता?"

मास्तरांनी चहाचं भांडं खाली ठेवलं. तिनं सुगंधाची रीत उचललीच नव्हती. तिच्यापुरता रोज शुक्रवार होता, आणि तो कधीपासूनचा, हे मोजायला त्यांना धीर होईना. ज्या माणसानं उभी हयात शहाणपणावर भाषणं दिली, त्याच्या डोळ्यांसमोर बायकोचं शहाणपण थेंबथेंब गळत होतं आणि तो फुलवातींचं कौतुक करत होता. कुडाळच्या डॉक्टरांनी तपासण्यांचे कागद पाहिले. जरा आधी आला असतात तर, एवढंच म्हणून ते थांबले.

गेल्या महिन्यात दिवा लावताना रिबकाबाईंचा पदर पेटला. सुगंधा धावली म्हणून हातावरच निभावलं. त्या दिवशी मुलगी फोनवर रडली आणि मग कडक आवाजात म्हणाली, "बाबा, काडेपेटी लपवा. घरात एकही ठेवू नका." मास्तरांनी सगळ्या पेट्या कपाटात घालून कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. संध्याकाळी रिबकाबाई घरभर काहीतरी शोधत फिरायच्या. काय शोधताय म्हटलं की त्यांना सांगता यायचं नाही.

मग खरा शुक्रवार आला. बाईला जमत नसेल तर पुरुषानं दिवा लावावा, चालतं. मास्तरांनी तिला आत बसवून ऊन असतानाच दिवा लावला. दोन काड्या फुकट गेल्या, आणि पेटी पुन्हा कुलपात गेली. तेवढ्यात रिबकाबाई बाहेर आल्या, बोट नाचवत म्हणाल्या, "तुम्ही कशाला हात लावलात? हे माझं काम." आणि फुंकर मारून त्यांनी दिवा विझवला. मग हात पुढे केला. "काडेपेटी द्या."

मास्तरांनी किल्ली चाचपली. तिच्या हातावरची पट्टी अजून निघाली नव्हती. त्यांनी किल्ली काढली नाही.

थोडा वेळ तो हात तसाच राहिला. मग रिबकाबाईंनी डोक्यावर पदर घेतला. रिकाम्या चिमटीत काडी असल्यासारखी हवेत ओढली, वातीला लावली, काडी झटकली. डोळ्यांवर हात ठेवले आणि आशीर्वाद म्हटला. आताशा नवऱ्याचं नाव आठवतानाही अडखळणारी बाई, त्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. खिडकीबाहेर माडांमागे सूर्य बुडाला. त्यांनी हात खाली घेतले आणि त्यांचा चेहरा उजळला, चाळीस वर्षं उजळायचा तस्साच.

समोर पेल्यात तेलावर काळी वात तरंगत होती.

या गडबडीत पडवीतला बल्ब आधी लावून ठेवायचा राहिला होता. आता बटणाला हात लावता येत नव्हता. काळोख झाला तशी कुंपणापलीकडून सुगंधानं हाक मारली. "मास्तरानू, काळोखात बसलास? दिवो लावूक नाय?"

"लावलो आसा," मास्तर म्हणाले. "हिनां लावलो."

त्यांनी पेल्याकडे पाहिलं. पहिल्या दिवसाच्या त्या उजेडाबद्दल त्यांनी शेकडो मुलांना सांगितलं होतं. त्यांना काळोखाशिवाय काही दिसत नव्हतं. शेजारी रिबकाबाई निवांत बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी मास्तरांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आता विझवू नका हं."

"नाही विझवत," मास्तर म्हणाले.