सिस्टरबाईंची हरकत

सिस्टरबाईंना एका जागी स्वस्थ बसवणं पाळकसाहेबांनाही जमलं नाही. त्या निवृत्त नर्स. आमच्या कॅम्पातल्या चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसायच्या, आणि उपदेश लांबला की त्यांचा पाय असा हलायचा की अख्खा बाक हलायचा. आई म्हणायची, बसल्या जागीसुद्धा या बाईच्या पायाला भिंगरी!

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार उपासनेत वधूवरांची नावं वाचतात आणि कुणाची हरकत आहे का विचारतात. कुणाची नसतेच. सिस्टरबाई मात्र दर वेळी उठायच्या. "हरकत काही नाही. दोघांची एचआयव्हीची तपासणी झाली का, एवढंच विचारते." म्हातारे खोकायला लागायचे, मुलींच्या आया लालबुंद व्हायच्या. वडीलधाऱ्यांनी समज दिली, तर म्हणाल्या, "तुम्ही विचारता म्हणून बोलते. विचारू नका."

महिला मंडळातही तेच. उष्ट्या कपानं एड्स होतो का, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "नाही होत. प्या, चहा गार होतोय."

मग माझं लग्न ठरलं. सुनील हिंजवडीत कॉम्प्युटर कंपनीत, गलेलठ्ठ पगार, आई नुसती हवेत. पहिल्याच रविवारी सिस्टरबाई उठल्या. संध्याकाळी सुनीलच्या आईचा फोन आला, असल्या चौकशा होणार असतील तर सोयरीक नको. आई तडक सिस्टरबाईंच्या घरी भांडायला निघाली, आणि तिला आवरायला मी मागून.

आत खाटेवर सिस्टरबाईंची लेक पडलेली होती. ती सासरी नांदतेय असं आम्ही समजत होतो. ओळखू येईना, इतकी वाळली होती.

"हिच्या वेळीही तीन रविवार विचारलं होतं," सिस्टरबाई म्हणाल्या. "जावई पगारदार होता. मी गप्प बसले." त्यांचा पाय त्या दिवशी हलत नव्हता.

आईनं त्यांच्या घरचा चहा घेतला. घरी येऊन तिनंच फोन लावला, तपासणीशिवाय लग्न नाही म्हणून सांगितलं. सुनील तयार झाला. दोघांचे रिपोर्ट चांगले आले.

पुढं लेक गेली, आणि काही वर्षांनी सिस्टरबाईही. त्यानंतरच्या रविवारी कुणाची तरी नावं वाचली गेली. हरकतीचं विचारून पाळकसाहेब सवयीनं थांबले. सगळ्यांनी तिसऱ्या बाकाकडं पाहिलं. तोच आमचा बाक हलला.

आई उठली होती. पदर सावरत म्हणाली, "हरकत काही नाही..."