सासूबाईंच्या खोलीतला एसी

अमेरिकेत बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत अकरा उन्हाळे काढलेल्या मालिनीला आता कशाचंही फारसं नवल वाटत नसे. पण नवरा एखाद्या कामाला ‘मी स्वतः करतो’ म्हणाला, की ती आधी केरसुणी हाताशी ठेवी. चारुदत्त नागपूरचा इंजिनिअर. बेसमेंटमधलं शेल्फ त्यानं स्वतः केलं, त्याला दोन हिवाळे लागले. घरामागच्या लाकडी डेकची फळी स्वतः बदलली, तेव्हापासून पाहुण्यांना उजव्या कडेनं चालायला सांगावं लागे. आणि आता, २००६च्या जुलैत, एसी.

तोही हौस म्हणून नव्हता. दोन वर्षांपूर्वी सासूबाई, अहिल्याबाई, आल्या होत्या तेव्हा वरच्या खोलीतल्या दमट उकाड्यानं जिन्यातच चक्कर येऊन पडल्या. त्यांचं हृदय आधीच नाजूक. यंदा नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, खोली गार असेल तरच पाठवा. घर जुनं, त्यात गार हवेची सोय नाही, आणि खिडक्या अशा की त्यात खिडकीचा एसी बसत नाही. म्हणून भिंतीवरचा घेतला. बाहेरचं यंत्र आणि गॅसचं काम लायसन्सवाला माणूस करणार होता. आतलं युनिट भिंतीवर चढवून ठेवायचं चारुदत्तनं स्वतःकडे घेतलं.

एसीवाला शुक्रवारी चारला येणार होता. युनिट तयार नसेल, त्यातलं पाणी बाहेर जात नसेल, तर मी परत जाईन आणि पुढची तारीख तीन आठवड्यांनी, असं त्यानं फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. सासूबाईंचं विमान त्याच संध्याकाळी सातला बॉस्टनला उतरत होतं.

सोमवार नुसता जागा ठरण्यात गेला. पलंगासमोर लावला तर वारा आईच्या अंगावर येतो, खिडकीवर लावला तर छताखाली अंतर पुरत नाही. शेवटी पूर्वेची भिंत ठरली. ती बाहेरची भिंत, पाइपाचं भोक सरळ पाडता येणार. चारुदत्तनं कागदी साचा चिकटवला, दाराशी जाऊन निरखला, काढला आणि दोन इंच डावीकडे चिकटवला. मालिनी टेपचं दुसरं टोक धरून उभी होती आणि खाली कुकर ओरडत होता. किती इंच भरले, असं त्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, “मी शिट्ट्या मोजत होते.”

मंगळवारी रात्रीपर्यंत युनिट अडकवायची लोखंडी पट्टी भिंतीवर बसली, भोकही पडलं आणि प्लास्टरचा पांढरा भुगा तिच्या धुतलेल्या पडद्यांवर जाऊन बसला. वायर जोडायला म्हणून युनिटचं पुढचं झाकण आणि जाळ्या काढून ते गोधडीवर उताणं ठेवलेलं होतं. बुधवारी चारुदत्त ऑफिसला गेल्यावर मालिनीनं त्याची पूजा केली. नवी वस्तू तशीच वापरायला काढणं तिला कधी जमलं नव्हतं. हळद लावली, ओल्या कुंकवानं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, मूठभर अक्षता वाहिल्या आणि सासूबाईंना इथे धाप लागू देऊ नकोस, एवढंच देवाकडे मागितलं.

शुक्रवारी सुट्टी घेऊन चारुदत्तनं दहालाच युनिट पट्टीवर अडकवलं, पाण्याची नळी भोकातून बाहेर काढली आणि मालिनीला अंगणात उभं केलं. वरून त्यानं आत पेलाभर पाणी ओतलं आणि भोकातून आवाज आला, आलं का? नाही, मालिनी म्हणाली. पाणी आतल्या बाजूनं भिंतीवरून ओघळत होतं.

मग पट्टीच वाकडी आहे असं ठरलं. युनिट उतरवलं, नवी भोकं पाडली, पट्टी डावीकडे किंचित खाली घेतली. आलं का? नाही. मग उतार कमी ठरला, मग जास्त ठरला. दर वेळी मालिनी जिना उतरून अंगणात जाई आणि पुन्हा वर येऊन पाणी पुसे. दीडपर्यंत भिंतीची चाळण झाली होती आणि तिचा जीव मेटाकुटीला आला होता. “आईंना कालच सांगितलं मी फोनवर,” ती म्हणाली, “तुमच्या मुलानं हात लावला की कामाची माती होते.” चारुदत्त नळीच खराब असणार म्हणून नवी आणायला गाडी काढून गेला.

उतरवलेलं युनिट गोधडीवर होतं. मालिनीनं चिडूनच उदबत्तीची काडी पाणी जायच्या तोंडात घातली. काहीतरी खरखरलं. काडी फिरवली तसा कुंकवात चिकटलेला लाल तांदळांचा गठ्ठा तिच्या तळहातावर पडला.

हात धुऊन गप्प बसता आलं असतं. नवी नळी लागली असती, पाणी गेलं असतं, दोष जुन्या नळीला गेला असता. ती बेसिनपर्यंत गेलीही. पण आत आणखी दाणे असले आणि सासूबाई झोपलेल्या असताना पुन्हा तुंबलं तर? ती हात तसाच मिटून पायरीवर बसून राहिली.

“अक्षता होत्या,” तो आल्यावर तिनं मूठ उघडली.

चारुदत्तनं दाणे बघितले, मग तिच्याकडे. “कोणाचं लग्न लागलं?”

“पूजा केली होती. बुधवारी.”

“चार वेळा काढलाय मी हा सकाळपासून.”

“माहीत आहे. आईंना मीच सांगेन.”

तो हसला नाही. युनिट उभं धरून हलवायला लागला. तिनं तांब्या-तांब्यानं पाणी घातलं, त्यानं नळीत फुंकर मारली. दाणे निघतच राहिले. पावणेचारला युनिट पुन्हा भिंतीवर गेलं आणि मालिनी अंगणात. नळीतून आधी गुलाबी पाणी आलं, मग स्वच्छ धार. आलं का, असं विचारायच्या आधीच तिनं वर सांगितलं.

एसीवाल्यानं उतार पाहिला, मान हलवली आणि कामाला लागला. प्लास्टर झटकून चारुदत्त विमानतळाकडे निघाला. साडेसहाला खोलीत गार हवा सुटली आणि एसीवाला गेला. मालिनीला अजून भात लावायचा होता, जिना पुसायचा होता. खोली खरंच गार झाली का ते पाहायला म्हणून ती सासूबाईंच्या पलंगावर आडवी झाली आणि बराच वेळ उठली नाही.