उजवा हात

शनिवार. ख्रिस्ती कुटुंबांचा आंतरराष्ट्रीय मेळावा. हजर: केनियाची दोन कुटुंबं, फिलिपिन्सचं एक, बाकी आपली वसईची. व्यवस्थेला मी, एकटी.

फादर म्हणाले, "जोडीदाराचा उजवा हात धरा, लग्नाची वचनं पुन्हा म्हणू या."

सगळी जोडपी समोरासमोर वळली. पुढच्या रांगेतल्या फिलोमिनाबाई नवऱ्यावर खेकसल्या, "अहो, उजवा! एवढा संसार झाला, अजून हात कळेना!" नवऱ्यानं हसून दोन्ही हात पुढे केले.

मी उगाच खुर्च्या सरळ करत राहिले. चूक दाखवायला माणूस समोर असावा लागतो. माझा नवरा, मायकल, भांडून महिनाभर भावाकडे राहतोय.

मेळाव्याची सगळी कामं उरकली. त्याला फोन करून 'घरी ये' म्हणायचं तेवढं राहिलंय.