खालून टाकणारा

अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल खेळाडूंची आयुष्यं मी कुरडया राखता राखता वाचली. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. पुस्तक हिंदीत होतं, जाडजूड, पुठ्ठा फाटलेलं. ओळीखाली बोट धरलं की मला हिंदी समजते. जोडाक्षरं फार आली की तेवढी ओळ मी सोडून देते.

नव्वदीतली गोष्ट आहे. आम्ही अंबडकडच्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. आमचे मालक काट्यावर होते, म्हणजे उसाच्या गाड्यांचं वजन होतं तिथं. शाळेपुढं बास्केटबॉलचं सिमेंटचं मैदान होतं. सगळ्या वसाहतीत तेवढीच जागा सपाट आणि दिवसभर उन्हात, म्हणून उन्हाळ्यात आमचं वाळवण तिथंच पडायचं. मैदानावर पांढऱ्या पट्ट्या होत्या. त्या कशासाठी हे आम्ही कधी विचारलं नाही, वाटून मात्र घेतल्या. रिंगखाली परकरासारखा पसरत गेलेला भाग असतो, तो किराणा दुकानवाल्या भाभीच्या पापडांचा. भाभी मारवाडी, तिच्या सासरच्यांना जालन्यात येऊन पिढ्या झालेल्या. मधला गोल माझ्या कुरडयांचा. पलीकडची रिंग शाळेच्या शिपायाच्या बायकोची, तिचे सांडगे आणि मिरच्या. पट्टी ओलांडून कुणाची साडी आली की भांडण.

माझी थोरली लेक तेव्हा दहावीची परीक्षा देऊन बसली होती. उंची पाच फूट दहा. आमच्या दोन्ही घराण्यांत एवढं लांब कुणी नाही. लोकांनी बोलून बोलून तिला वाकून चालायची सवय लागली होती. सरळ उभी राहायची ती फक्त त्या मैदानावर, संध्याकाळी पाचनंतर, आम्ही वाळवण उचललं की.

त्या मे महिन्यात जालन्याला जिल्ह्याच्या मुलींच्या संघाची निवड होती. मालकांनी आधीच सांगून टाकलं होतं, "बारा पोरींत नाव आलं तर खेळ. न्हाई आलं तर बूट देऊन टाक कुणाला. चड्डी घालून पळणं बस झालं." ते बोलले की बोलले, मागं घेत नसत. दुसऱ्या दिवसापासून लेक सकाळी सहालाही मैदानावर जायला लागली.

खेळाचे सर तरणे होते, बदनापूरहून यायचे. ते एक दिवस माझ्या कुरडयांजवळ येऊन उभे राहिले.

"मावशी, पोरगी पळती चांगली, उडी चांगली. पण फ्री थ्रो जात न्हाई तिचा. एका जाग्यावर उभं राहून निवांत टाकायचा बॉल. तिथं प्रत्येकीला दहा टाकायला लावतेत. हिचे दोन जातेत."

"मंग कमी पळवा अन् जास्त टाकायला लावा."

"टाकून राह्यली ना. हात थरथरतो. सगळे बघायला लागले की वाकती." मग त्यांनी पिशवीतून ते पुस्तक काढलं. औरंगाबादला रद्दीच्या दुकानात मिळालं होतं म्हणे. "यात मोठ्या खेळाडूंची आयुष्यं हायेत. तिला वाचायला द्या. हिंमत येईल."

लेकीनं चार पानं वाचून ठेवून दिलं. मी कावळे हाकत दिवसभर लिंबाखाली बसलेली असायची, म्हणून मी घेतलं.

नावं काही जिभेवर बसेनात. मग मीच ठेवली. एक होता त्याचे आईबाप दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायचे, तो कापूसवाला. एक इतका उंच की कोणत्याच बाजेवर मावेना, पाय ट्रंकेवर ठेवून झोपायचा, तो ट्रंकवाला. एकाचा गुडघा मोडला, डॉक्टर म्हणाले संपलं, आणि तो वर्षानं परत उभा राहिला, तो गुडघेवाला. एक रडका होता, हरला की रडायचा आणि जिंकला की जास्त रडायचा.

मी मोठ्यानं वाचायची, त्यामुळं बायका आपली साडी सोडून माझ्याजवळ येऊन बसायला लागल्या.

"त्यांच्याकडं बी वेचणीला बायाच जातेत का?" शिपायाची बायको विचारायची.

"लिहिलेलं न्हाई."

"गुडघ्याला काय लावलं त्यानं?"

पुस्तकात व्यायाम लिहिला होता. व्यायाम सांगितला असता तर कुणी ऐकलं नसतं. मी म्हणलं, "तिळाचं तेल. अन् रोज चालला."

"बराबर," भाभी म्हणाली. "मेरी सास भी वोच लगाती."

खरं सांगायचं तर ती सगळी आयुष्यं एकसारखी होती. आधी गरिबी, कडक आई, कुणीतरी चांगला मास्तर, आणि शेवटी मोठी गाडी. मधे जी मेहनत होती ती मला आवडायची. एकच गोष्ट हजार वेळा करायची. ते मला कळत होतं, मीही एका उन्हाळ्यात तेवढ्याच कुरडया घालते. बक्षिसांची पानं मी न वाचता उलटायची.

मग एका दुपारी ते चित्र आलं. पानभर फोटो. एक काळा, दणकट खेळाडू गुडघ्यात वाकलेला, दोन्ही हातांत बॉल, बॉल दोन गुडघ्यांच्या मधे. खाली बारीक अक्षरांत तीन ओळी होत्या, सगळी जोडाक्षरं. मी सोडून दिल्या. वाचायची गरजही नव्हती. मला फोटो बघूनच कळलं की हा गडी खालून टाकतो. लग्नाआधी मी माहेरी टेंभुर्णीला शेणखताची टोपली ट्रॉलीत भरायची. भरलेलं टोपलं डोक्याइतक्या उंचीवर टाकायचं तर बाई कसं टाकते? दोन्ही कडा धरायच्या, गुडघ्यात वाकायचं, झोका द्यायचा आणि सोडायचं. आमच्याकडच्या कोणत्याही बाईनं तो फोटो बघितला असता तरी हेच म्हणाली असती.

बायकांना मी त्याचं आयुष्य त्याच दिवशी सांगितलं. लहानपणी तो गाडीत कोळशाची टोपली भरायचा, तिथून त्याला हा हात बसला, सगळे हसायचे पण बॉल जायचाच. कोळशाचं पुस्तकात नव्हतं. पण तसं काही केल्याशिवाय माणूस असा टाकेल कशाला, असं मला वाटलं.

संध्याकाळी वाळवण उचललं, लेक आली. मी तिला फोटो दाखवला.

"असं टाक."

"माय, असं कुणी टाकत न्हाई."

"हा टाकतो की. पुस्तकात फोटो हाये."

तिनं पुस्तक हातात घेतलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "लोक हसतील."

"आत्ता काय रडून राह्यलेत का?"

शिपायाची बायको हसून हसून मिरच्यांच्या गाठोड्यावर बसली. लेक काही हलेना. मग मी पदर खोचला, बॉल घेतला आणि भाभीच्या पापडाच्या वरच्या पट्टीवर जाऊन उभी राहिले. पहिला बॉल रिंगमागच्या पाटीच्या वरून पलीकडं गेला. दुसरा रिंगला खालून लागून माझ्याच अंगावर आला. तिसरा गेला.

"अरे वा," भाभी म्हणाली, "काकू तो निकली खिलाडी. काकू को ही भेजो जालना."

"काकूला पळता येत न्हाई," मी म्हणलं आणि बॉल लेकीकडं टाकला.

तिनं आजूबाजूला बघितलं, गुडघ्यात वाकली, टाकला. नाही गेला. पण मी तिचा हात बघत होते, आणि तो थरथरला नाही. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत ती टाकत राहिली. सर दुसऱ्या दिवशी आले, काही वेळ बघत उभे राहिले, तोंड उघडलं आणि मिटलं. आठ दिवसांत दहातले सहा जायला लागले, कधी सात.

निवडीच्या दिवशी मी, भाभी आणि शिपायाची बायको एसटीनं जालन्याला गेलो. मालक आले नाहीत. मैदानावर पोरींचं खेळणं सुरू झालं. मधेच शिट्टी वाजली आणि एका पोरीकडून बॉल काढून घेतला. सर म्हणाले, रिंगखालच्या त्या भागात तीन सेकंदांच्या वर उभं राहायचं नसतं.

"बघा," भाभी आम्हाला म्हणाली, "मेरे पापड में खडी रही वो. सीटी बजेगीच."

त्यानंतर आम्हाला सगळा खेळ कळायला लागला. "सांडग्याकडं पळ गं," शिपायाची बायको ओरडली, आणि माझी लेक बराबर पलीकडच्या रिंगकडं पळाली. शेजारी बसलेले लोक आमच्याकडं बघायला लागले.

शेवटी दहा-दहा फ्री थ्रो. निवडायला दोघं होते, शिट्टीवाले एक साहेब आणि ट्रॅकसूट घातलेल्या एक बाई. लेकीची पाळी आली. ती गुडघ्यात वाकली तशी मागं बसलेल्या पोरी फिस्सकन हसल्या. पहिला हुकला.

"ए पोरी," साहेब म्हणाले, "खेळ न्हाई चालला हा. नीट टाक."

मला वाटलं, आता ही वाकणार, खांदे पाडणार, संपलं. लेक साहेबांकडं वळली. सरळ उभी. ती त्यांच्यापेक्षा चांगली चार बोटं उंच भरली.

"सर, मी नीटच टाकून राह्यले."

ट्रॅकसूटवाल्या बाई म्हणाल्या, "असं टाकू नये असं नियमात कुठंय? टाकू द्या तिला."

दुसरा गेला. तिसरा, चौथा गेला. पाचवा रिंगवर फिरून बाहेर आला. पुढचे पाचही गेले. हसणं केव्हाच बंद झालं होतं.

साहेबांनी आमच्याकडं येऊन विचारलं, "कुणी शिकवलं हे?"

"अमेरिका में एक है," भाभी म्हणाली. "सब नीचे सेच डालता. बचपन में कोयला भरता था."

"कोण? नाव काय त्याचं?"

भाभीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, "नाव मला घेता येत न्हाई, साहेब. आम्ही त्याला खालून टाकणारा म्हणतो."

आमचे सर तेव्हा लांब कुठंतरी विजेच्या खांबाकडं बघत होते.

तासाभरानं बारा नावं वाचली. अकरावं तिचं. शिपायाची बायको रडली, भाभी रडली. मी पाणी प्यायला गेले.

परतीच्या एसटीत सर माझ्या शेजारी येऊन बसले. पोरगी मागं भाभीच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती.

"मावशी, एक सांगू का? त्या फोटोत तो बॉल टाकत न्हाई. मॅच संपलीय अन् दमून वाकलाय तो, श्वास घ्यायला. खाली लिहिलंय तसं. बाकी जल्मभर तो सगळ्यांसारखा वरूनच टाकायचा."

मी त्यांच्याकडं वळले. "मंग तुम्ही बोलला कामून न्हाई?"

"मी आल्तो तेव्हा तिचे चार जात होते. कुठल्या तोंडानं बोलू?"

"आता बी बोलू नका. विभागाचे सामने होईपर्यंत तिला बिलकुल कळू द्यायचं न्हाई."

मालकांनी संध्याकाळी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, चहा पिला, आणि सकाळी तिचे बूट नळावर नेऊन घासले.

विभागाचे सामने औरंगाबादला झाले. आमचा संघ दुसऱ्याच सामन्यात हरला. पण माझ्या लेकीनं तिथंही खालूनच टाकले, आणि दोन संघांच्या पोरी मागून येऊन तिला विचारून गेल्या. ती घरी आली, जेवायला बसली. मी म्हणलं आता सांगून टाकावं, उगाच ओझं कशाला.

"ऐक. तो खालून टाकणारा खालून टाकत नव्हता. दमून वाकल्ता."

ती भाकरी मोडत म्हणाली, "माहीत हाये."

"कधीपासून?"

"तू फोटो दाखवला तेव्हापासून. खाली लिहिलेलं होतं की, माय. मी दहावी झालेय."

"मंग हसली कामून न्हाई? बोलली कामून न्हाई?"

"बोलणारच होते. तेवढ्यात तू पदर खोचला," ती म्हणाली. "अन् तिसरा गेला तुझा."