न विचारलेला प्रश्न

चूक माझीच होती. मागच्या बाकावर बसणाऱ्या एका आमदारांचे विधानसभेतले प्रश्न मी लिहून देत असे. वसईजवळ गिरीजमधल्या एका मावशींनी मला त्यांची केळीची वाडी दाखवली होती. शेजारच्या नाल्यात कुणीतरी मातीचा भराव टाकल्यामुळे पाणी वाडीतच साचून केळी कुजत होत्या. मी प्रश्न लिहिला, पण त्यात नालेसफाई झाली का, एवढंच विचारलं. भरावाचं गाळलं. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. कुणी धमकावलं नव्हतं. प्रश्न नामंजूर होईल असं वाटलं, की भराव टाकणाऱ्यांची भीती वाटली?

सभागृहात मंत्री म्हणाले, "सफाई झाली आहे." आमदार उपप्रश्नासाठी उठले, पण त्यांच्या हातात काहीच नव्हतं. ते खाली बसले.

पुढच्या आठवड्यात मी वाडीत गेलो. मावशी म्हणाल्या, "टीव्हीवर बघितला रे तुझा साहेब. उठला नि बसला. बसायला तर आमच्याकडेपण ओटा आहे!"

"मावशी, त्यांना नका बोलू. भरावाचं मी त्यांना सांगितलंच नाही. माझं चुकलं. मला माफ करा."