अर्धं पाणी ओलांडून

नोकरीसाठी आखातात निघालो त्या सकाळी आई नाशिकच्या घराच्या पायरीवर उभी होती. तिला न विचारता मी विसाव्या वर्षी मॉर्मन या ख्रिस्ती पंथात गेलो होतो आणि तो राग तिनं दहा वर्षं जपून ठेवला होता. बॅग रिक्षात ठेवताना म्हणाली, "आमचा देव सोडलास. आता त्यांचा तरी नीट धर." बायको रेखा, तीही मॉर्मनच, पोरीला कडेवर घेऊन हसली. दोन वर्षांचा तर प्रश्न होता.

सात वर्षं झाली. इथं दुखान गावात इलेक्ट्रिशियन आहे. 'यल्ला', 'खलास' असलं अरबी तोंडात बसलं आणि घरचा फोन आखडत गेला. तिकडे गावाकडे तुमच्यापैकी काहींनी अर्धंमुर्धं ऐकलं आहे, म्हणून मीच सांगतो. दोह्यातल्या एका बाईशी माझं जमलं होतं. एकटेपणाचं कारण पुढे करणार नाही. कामगारांच्या कॅम्पमध्ये सगळेच एकटे होते, बाकीचे पत्ते खेळत.

सहा महिन्यांनी मीच रेखाला सांगितलं, मग आमच्या चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना. त्यांनी प्रार्थना केली, शांतपणे ऐकून घेतलं आणि मला मंडळीतून काढलं.

आपल्याकडे वाळीत टाकलं की लोक तोंड फिरवतात. इथं उलट. दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सभेला ये, म्हणाले. फक्त तिथं प्रार्थना म्हणायची नाही आणि प्रभुभोजनाचं पावाचं ताट आलं की न घेता पुढे द्यायचं. पहिल्याच शुक्रवारी सवयीनं तुकडा उचलला. परत ठेवता येईना, खाता येईना. मुठीत धरून बसलो. सभा संपेपर्यंत त्याचा लगदा झाला आणि मला रडू आवरेना.

वर्ष गेलं. पुन्हा बाप्तिस्मा द्यायचा तर बायकोचंही मत विचारतात. त्यांनी रेखाला फोन लावला, तेव्हा मी बाहेर गाडीत बसलो होतो. तिचं उत्तर त्यांनी जसंच्या तसं सांगितलं: "त्यांना मंडळीत घ्या. माझं अजून ठरलं नाही."

दोह्यातच अल दुहैलला, एका बंगल्यांच्या कंपाउंडमधल्या पोहण्याच्या तलावात मला बुडवलं. अख्खं अंग पाण्याखाली जावं लागतं. माझा अंगठा वर राहिला, दोन्ही साक्षीदारांनी नकारार्थी माना हलवल्या, मग पुन्हा बुडवलं. सगळे हसले, मीही हसलो. ओल्या कपड्यांतच घरी फोन लावला.

"झालं? बरं झालं," रेखा म्हणाली.

पश्चात्ताप केला की देव पाप पुन्हा आठवत नाही, असं आम्ही मानतो. रेखा देव नाही. तिला सगळं आठवतं, आणि तिनं का विसरावं? डिसेंबरात येऊ का, विचारलं.

"या. हॉलमध्ये गादी घालते."

घर कुठलं, असं इथं कुणी विचारलं की मी अजून नाशिकच सांगतो. खरं तर सध्या ते त्या गादीएवढंच उरलं आहे. तिकीट काढलंय.