समोरून येणारं विमान

सलूनवाले काका विमान उडवायला शिकले ते साठी उलटल्यावर, आणि तेही बाहेरचा कुणी गुरू न करता.

त्याला कारण त्यांचा मेहुणा. काकूंचा हा धाकटा भाऊ आजारपणात अंथरुणावर बसून हलक्या लाकडाचं विमान बांधत होता. लाल पंखांचं, रिमोटवर उडणारं. विमान पुरं झालं, पण ते उडवायच्या आधीच तो गेला. काकूंनी ते बाहेरच्या खोलीत खिळ्याला टांगलं. रोज सकाळी त्यावरून हलकेच फडकं फिरवायच्या.

"मी उडवतो ना हे," काका एकदा बोलून गेले.

"आधी परत आणायला शिका. मग हात लावा."

झालं! काकांनी सरावासाठी फोमचं एक स्वस्त विमान आणलं आणि सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरच्या मैदानात जाऊ लागले. विमान लांब जाईपर्यंत सगळं सुरळीत. पण वळून ते समोरून यायला लागलं, की काकांचा अंगठा रिमोटची दांडी भलतीकडेच ढकलायचा आणि विमानाचं नाक मातीत. चिकटपट्ट्या लावून लावून ते ओळखू येईना.

पण हार मानतील तर ते काका कसले? दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते दुकानातल्या मोठ्या आरशासमोर उभे राहायचे. एका हातात विमान, नाक आरशाकडे. आरशातलं विमान थेट अंगावर यायचं. त्याचा पंख कलला की दुसऱ्या हाताने दांडी फिरवायची. जन्मभर त्यांनी लोकांचे चेहरे आरशातच पाहिले होते. तिथे त्यांची एकदाही चूक होत नसे.

"काका, विमानाची दाढी करताय होय?" दाढीला आलेला बसड्रायव्हर विचारायचा.

"गप बस, नाहीतर आज कान जाईल तुझा."

गंमत अशी, की सराव वाढला तसं मैदानात पडणंही वाढलं.

एकदा काकू जेवणाचा डबा घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहून हा सराव पाहत राहिल्या. मग गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या आणि खुर्ची गर्रकन काकांकडे फिरवली.

"माझा डावा हात कुठंय?"

काकांनी सवयीने आरशात पाहिलं.

"तिकडे काय बघताय? इकडे बघा. आकाशात कुठला आलाय आरसा!"

काकांनी पाहिलं. बायकोचा डावा हात त्यांच्या उजव्या हाताशी होता; आरशात मात्र डावं डावीकडेच दिसायचं. इतकी वर्षं ती समोर होती आणि हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी काकू गच्चीवर ते फोमचं विमान धरून त्यांच्याकडे चालत यायच्या, मनाला येईल तसा पंख कलवायच्या. "जो पंख खाली, त्याच बाजूला दांडी. पडणाऱ्याला टेकू द्यायचा, एवढंच ध्यानात ठेवा."

शेवटी एका सकाळी काकूंनी स्वतःच लाल विमान खिळ्यावरून काढलं.

"मोडलं तर?" मैदानात काकांनी विचारलं.

काकूंनी रिमोट त्यांच्या हातात दिला.

विमान वर गेलं, वळलं, समोरून येऊ लागलं. वाऱ्याने एक पंख खाली गेला. काकांचा अंगठा सवयीने उलट बाजूला निघाला, थबकला आणि पडत्या पंखाकडे वळला. पंख सावरला. विमान धडपडत गवतात उतरलं. एक चाक निखळून लांब गेलं.

काकूंनी विमान उचललं आणि पंखांवरून हलकेच पदर फिरवला.

"आलं हो परत," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर खिळा रिकामाच राहिला. विमान काकूंनी दाराशी, चपलांशेजारी ठेवलं.